अपघाताचा क्लेम वकिलाकडे दिल्यावर नक्की काय काय होतं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो, तीन महिन्यांपूर्वी बाइकवरून जाताना मागून कारने उडवलं, उजवी नडगी मोडली, आत रॉड आहे, अजून काठी घेऊन चालतो. कारचा इन्शुरन्स चालू आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डातच एकजण येऊन वकालतनाम्यावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सह्या घेऊन गेला, म्हणे एक रुपया द्यायचा नाही, मिळेल त्यातले २५ टक्के वकिलाचे. आणि आता इन्शुरन्स कंपनीकडून आलोय म्हणणारा माणूस घरी येऊन अडीच लाखांत मिटवा म्हणतोय. तुम्हाला विचारायचंय की वकील नेमकं करतो काय, किती वर्षं लागतात आणि शेवटी हातात किती पडतं.

मी पंचवीसएक वर्षं ह्याच केसेस चालवतोय, त्यातली सुरुवातीची काही वर्षं इन्शुरन्स कंपनीच्या पॅनलवर होतो, त्यामुळे समोरची बाजू कुठे बोट ठेवते ते चांगलं माहितीय. लोकांना वाटतं वकील कोर्टात जोरात भांडला की पैसे वाढतात. तसं काही नसतं हो. क्लेम केसमध्ये आवाज चढवायला फारशी जागाच नसते, पहिल्या सहा महिन्यांत जे कागद गोळा झाले आणि भावाचं काम नक्की काय होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही हे जितकं नीट मांडलं गेलं, त्यावरच आकडा ठरतो.

आधी त्या अडीच लाखांचं बोलू कारण ते तातडीचं आहे. हा आकडा त्या माणसाने हवेतून काढलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला मोठी दुरुस्ती झाली, क्लेमचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला, त्यात कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यू असेल तर ५ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच. पण गोम अशी आहे की ही रक्कम एकदा त्या पद्धतीने स्वीकारली की ट्रिब्युनलमधला, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टातला, दावा संपतो. म्हणजे पुढे रॉड काढायचं ऑपरेशन, बुडालेला पगार, पाय कायमचा आखडला तर त्याचं, सगळं त्या अडीच लाखांत आलं. ज्याचा हात मोडून दोन महिन्यांत ठणठणीत झालाय आणि कामावर परत गेलाय त्याला कदाचित हे परवडेल. तुमच्या भावाला नाही परवडणार, का ते खाली आकड्यात दाखवतो. तोवर त्या माणसाला चहा द्या, सही देऊ नका.

दुसरी तातडीची गोष्ट मुदतीची. पूर्वी क्लेमला मुदतच नव्हती, लोक चार चार वर्षांनी यायचे. आता कलम १६६(३) प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज दाखल करायचा असतो. ह्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. तुमचे तीन महिने गेलेत. "उपचार पूर्ण होऊ दे, अपंगत्वाचा दाखला येऊ दे, मग केस टाकू" असं वकील म्हणत असेल तर त्याला सांगा की अर्ज आता टाका, दाखला नंतर पुराव्याच्या वेळी लावता येतो. आणि अर्जात रक्कम कमी लिहिली गेली तरी फार घाबरायचं नाही, कोर्टाला योग्य वाटलं तर मागितल्यापेक्षा जास्तही देता येते. केस कुठे टाकायची तर अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्ही चालतं, त्यामुळे अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तिकडे हेलपाटे मारत बसू नका.

आता फी आणि वॉर्डात आलेला तो माणूस. स्पष्टच सांगतो, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या पैशात वाटाही ठरवता येत नाही. परदेशी सिरियलमध्ये "जिंकलो तरच फी" ऐकून लोकांना वाटतं इकडेही तसंच, तर तसं नाहीये. प्रत्यक्षात टक्केवारी चालते का, चालते, मी डोळे मिटून नाही म्हणणार नाही. पण जो वॉर्डात एजंट पाठवून सह्या घेतो त्याच्या २५ टक्क्यांत एजंटचाही हिस्सा असतो आणि अशा ऑफिसात फायलींचा ढीग असतो, तुमची फाईल त्यात कितवी ते देवाला माहीत. सरळ भेटायला जा, खुद्द वकील भेटतो का ते बघा, फी ठरावीक रकमेत आणि टप्प्याटप्प्याने ठरवून लेखी घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, बँकेच्या स्लिपवर सही अजिबात नाही. केली असेल तर परत मागा. वकील बदलायचा असेल तर बदलता येतो, आधीच्याकडून एनओसी घ्यायची पद्धत आहे, त्याने अडवलं तर कोर्टाच्या परवानगीने होतं.

आणि खिशात पैसेच नसतील तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, कामगार, कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथून फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन १५१०० आहे. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं समजू नका, मी स्वतः त्या पॅनलवर काम केलंय.

वकील ठरला की पहिलं काम कागदांचं. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचं आरसी, पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, दोषारोपपत्र, हे सगळं पोलिसांकडून येतं. आता नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो, कायद्यात तर असंही आहे की हा अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. काही ठिकाणी नीट चालतं, काही ठिकाणी हवालदाराच्या मागे लागावं लागतं. तुमचे तीन महिने झालेत तेव्हा सविस्तर अहवाल गेला का एवढं पोलीस स्टेशनला जाऊन विचाराच.

हॉस्पिटलचे कागद मात्र तुम्हालाच सांभाळायचेत आणि इथे एक जागा अशी आहे जिथे मी चांगल्या चांगल्या केसेस बुडताना बघितल्यात. पेशंटला आणल्यावर कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात काय झालं, आणि जो कोणी घेऊन आलाय तो घाबरलेला असतो, तो सांगून टाकतो "गाडीवरून पडला". डॉक्टर तेच लिहितो. माझ्याकडे एका शेतमजुराची केस होती, टेम्पोने कट मारला होता, पण आणणाऱ्या शेजाऱ्याला पोलिसांचं लफडं नको होतं म्हणून त्याने "बाइक स्लिप झाली" सांगितलं, केसपेपरवर तेवढी एक ओळ. एफआयआर बाराव्या दिवशी. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने बाकी काही विचारलंच नाही, तो केसपेपर पुढे केला, ओळ वाचायला लावली आणि खाली बसला. आम्ही शेजाऱ्याला साक्षीला आणलं, त्याने खरं सांगितलं, पण कोर्टाने म्हटलं हे नंतर सुचलेलं आहे. गेली केस. म्हणून आजच भावाचा पहिल्या दिवसाचा केसपेपर आणि एमएलसीची (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची) नक्कल काढा आणि "हिस्ट्री" समोर काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं असेल तर वकिलाला आत्ताच सांगा, म्हणजे बघणारा साक्षीदार, सीसीटीव्ही, कारचं डॅमेज असं काहीतरी वेळेत शोधता येईल. सीसीटीव्हीचं फुटेज फार दिवस राहत नाही, तीन महिन्यांनी मिळणं अवघड, पण पोलिसांनी तेव्हा घेतलं असेल तर आहे.

बिलं सगळी ठेवा, मेडिकलची, एक्सरेची, फिजिओची, रिक्षाची सुद्धा. मेडिक्लेम असेल तर ओरिजिनल तिकडे जमा होतात, आधी कॉपी काढून हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या. मेडिक्लेम मिळाला म्हणून इकडचं कापतात का असं बरेच जण विचारतात, तर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने सांगितलंय की कापायचं नाही.

आता आकडा. हे लक्ष देऊन वाचा कारण वकिलाला भेटाल तेव्हा ह्यावरच बोलायचंय. समजा भावाची कमाई महिना १५ हजार सिद्ध झाली, वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतंत्र किंवा कच्च्या कामावरचा माणूस, वय ४० च्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे ४० टक्के मिळवायचे, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं. झाले २ लाख ५२ हजार. मग वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीने गुणायचं तो आकडा, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून, ३१ ते ३५ वयाला १६. गुणले की ४० लाख ३२ हजार. ही झाली शंभर टक्के कमाई गेली असती तर येणारी रक्कम, आणि तुमच्या भावाची कमाई जितके टक्के गेली तितके टक्के त्यातून मिळणार. दहा टक्के धरले तर ४ लाख ३ हजार, पंचवीस धरले तर १० लाख ८ हजार. म्हणजे एकेका टक्क्याला ४० हजारांच्या वर किंमत आहे. ह्याशिवाय उपचारखर्च, घरी बसलेल्या महिन्यांचा पगार, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना आणि त्रासाचे, हे वेगळे. सगळ्यावर व्याज, बहुतेक निकालांत वर्षाला ६ ते ९ टक्के, अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून.

तर हे टक्के ठरतात कसे, खरी लढाई इथे आहे. सिव्हिल हॉस्पिटलचा किंवा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा दाखला येईल, त्यात लिहिलं असेल समजा उजव्या पायाचं ३० टक्के अपंगत्व. कंपनी म्हणणार पायाचं ३० म्हणजे पूर्ण शरीराचं १०, आणि पाय तर जुळलाय, मग कमाईचं काहीच गेलं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की दाखल्यावरचा टक्का जसाच्या तसा उचलायचा नाही, तो माणूस काय काम करत होता आणि आता त्याला काय करता येतं ते बघून कमाईचं नुकसान ठरवायचं. तोच पाय ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा असेल तर नुकसान जवळजवळ शून्य, वेल्डरचा असेल तर गोष्ट वेगळी. २०२० च्या पप्पू देव यादव निकालात उजवा हात गेलेला डेटा एन्ट्री करणारा मुलगा होता, तिथेही कोर्टाने त्याचं काम हातावरच होतं हेच पाहिलं.

मग तुमच्या भावाच्या केसमध्ये डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागेल, नुसता दाखला फाईलला लावून चालत नाही. कंपनीचा वकील डॉक्टरला काय विचारतो ते सांगतो, वर्षानुवर्षं तेच तीन प्रश्न, मीही कधीकाळी तेच विचारायचो. फ्रॅक्चर जुळलंय ना? हो. पेशंट आधाराशिवाय चालू शकतो ना? हो. बसून करायचं काम करू शकतो ना? हो. झालं, खाली बसला. आता आपल्या वकिलाने आधीच विचारून ठेवायला पाहिजे होतं की डॉक्टरसाहेब, हा माणूस उकिडवा बसू शकतो का, किती वेळ, शिडीवर चढून एका पायावर तोल सांभाळू शकतो का, घोट्याची हालचाल किती अंश कमी झाली. कारण वेल्डर टेबलावर बसून काम करत नाही, गेटचा खालचा पट्टा मारायचा तर तासभर उकिडवं बसावं लागतं आणि शेडचे पत्रे चढवायचे तर शिडीवर. हे जज्जसाहेबांना आपोआप माहीत असणार नाही, कुणीतरी रेकॉर्डवर आणावं लागतं. वकील निवडताना एवढंच विचारा, "साहेब, भावाचं काम तुम्ही कोर्टात कसं दाखवणार?" ज्याने उलट तुम्हालाच भावाच्या कामाचे दहा प्रश्न विचारले त्याच्याकडे जा.

कमाईचा पुरावा हे दुसरं दुखणं. कच्च्या कामाला पगारपत्रक नसतं. शेडमालकाचं पत्र आणा, पण पत्र देऊन भागत नाही, मालकाने कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि बरेच मालक तिथेच मागे सरतात. बँकेत पैसे येत असतील तर पासबुक, नसेल तर आयटीआयचं सर्टिफिकेट काढा, कुशल कामगार आहे एवढं तरी दिसतं. काहीच नसेल तर कोर्ट अंदाजाने धरतं, किमान वेतनाच्या आसपास. आणि कृपा करून १५ चे ४५ हजार लिहायला लावू नका कुणाला. एकदा तो आकडा खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

वेळ किती लागतो? नोटिसा जातात, गाडीमालक बहुतेक वेळा येतच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होतो, कंपनी कैफियत म्हणजे लेखी उत्तर देते, कोर्ट वादाचे मुद्दे ठरवतं, मग भावाचं पुराव्याचं शपथपत्र आणि उलटतपासणी, मग डॉक्टर, मग युक्तिवाद. ऐकायला सरळ वाटतं, पण अर्ध्या तारखा नुसत्या पडतात. माझ्याकडच्या साध्या केसेस दोन ते चार वर्षं चालतात. भावाला प्रत्येक तारखेला जायची गरज नाही, साक्षीच्या दिवशी मात्र हजर राहायचं. त्या दिवशी त्याला विचारतील कोर्टात कसा आलास, जिना चढून आलास का, हेल्मेट होतं का, लायसन्स आहे का. खरं ते सांगायचं. जिना चढला असेल तर "कठड्याला धरून, दोनदा थांबून चढलो" हे पण खरंच आहे ना, मग तेही सांगायचं, नुसतं "हो" म्हणून गप्प बसायचं नाही. लायसन्स नसेल तर वकिलाला आजच सांगा, मागून धडक असल्यामुळे तेवढ्याने केस जात नाही, पण ऐनवेळी समजलं तर आपलाच वकील गडबडतो.

पोलिसांची फौजदारी केस वेगळी चालते आणि तिचा निकाल काय लागतो यावर क्लेम अडून नसतो. कारवाला तिकडे सुटला तरी इकडे पैसे मिळू शकतात, कारण इथे पुरावा तितका काटेकोर लागत नाही, शक्यता कुठल्या बाजूला झुकते एवढंच बघतात.

लोकअदालतीत मिटवावं का? वाईट नाही. वर्षात चारदा राष्ट्रीय लोकअदालत असते, तेव्हा कंपन्यांचे अधिकारी आकडे घेऊनच येतात. पण तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. माझा हिशोब असा की डॉक्टरची साक्ष झाल्यावर मिटवायला बसावं, तेव्हा दोघांनाही साधारण कळलेलं असतं की किती टक्के धरले जाणार, त्याआधी बसलात तर कंपनी दहा टक्क्यांवरच अडून बसते. निकालानंतर अपील करायचं तर हायकोर्टात ९० दिवस. कंपनीने अपील केलं तर पैसे अडकतात, पण बरेचदा काही भाग काढायची परवानगी मिळते. रक्कम भावाच्या स्वतःच्या बँक खात्यात यायला पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या नाही, आणि काही हिस्सा कोर्ट एफडीत ठेवायला सांगतं. त्यावर चिडू नका, मोठी रक्कम आल्याबरोबर दारात येणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत.

एक शेवटचं, रॉड काढायचं ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे म्हणालात ना, तर त्याच डॉक्टरकडून खर्चाचा अंदाज लेटरहेडवर तारीख घालून लिहून घ्या आणि अर्जाबरोबरच लावा. साधारण ते पत्र मागायला सगळे विसरतात आणि मग स्वतःच्या खिशातून भरतात.